पाठमोरी वाटणी

"आणि बाई, तुम्ही काय खाता?"

आहती केम्पाइनेननं हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मार्युतला आधी वाटलं, तो शेजारी बसलेल्या पिन्यालाच विचारतोय. मग दिसलं, त्याचे ते फिकट डोळे आपल्यावर आहेत. आणि डावीकडचा कॅमेरा, जो इतकी वर्षं पाहुण्यांकडेच वळायचा, तो चाकांवरून हळूच सरकत आपल्याकडे येतोय. प्रेक्षक हसले. पाहुण्यानं यजमानाला पेचात धरलं की लोक हसतात, तसे. मार्युतही हसली. हसू ओठांवर आहे तोवर उत्तर येईल, अशी तिची खात्री होती. कारण उत्तर ठरलेलं होतं. मासिकांच्या मुलाखतींत, लोकांच्या घरच्या जेवणांत, एकदा तर दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरसुद्धा तिनं ते दिलं होतं: "मी? मी प्रश्न खाते." हशा, टाळी, पुढचा विषय. दोन भांडणाऱ्या माणसांच्या मधोमध बसायचं म्हणजे स्वतःचं ताट झाकून ठेवायचं, हे तिनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. पण टीव्हीवर कार्यक्रम थेट चालला होता, दिवे डोळ्यांवर होते, आणि ते वाक्य आलं नाही. त्याच्या जागी आला मरव्याचा वास.

आईच्या हातांचा वास. तांपेरे शहरातल्या एका कारखान्यात आई रक्ताचं काळं सॉसेज भरायच्या खात्यात होती. रक्त, राय धान्याचं पीठ, चरबी आणि मरवा. घरी आली की ती कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची, लिंबू चोळायची, तरी रात्री वेणी घालताना मार्युतच्या केसांत तो मरवा उतरायचाच. बाजारच्या चौकात लोक तेच सॉसेज आंबट लाल फळांच्या मुरंब्याबरोबर उभ्यानं खायचे, बोटं चाटायचे, आणि आई त्यांच्या बाजूनं मान खाली घालून जायची. तिनं ते कधी तोंडात घातलं नाही. तिचं जेवण म्हणजे उकडलेले बटाटे, लोणी, वर शेपू. मार्युतनं एकदा विचारलं होतं, "आई, तू का नाही खात?" "दिवसभर तेच बघते ना गं," आई म्हणाली होती. एवढंच. ती किळस होती की नुसता थकवा, की तिसरंच काही, ते मार्युतला कधी कळलं नाही. आणि लोकांना 'का' विचारण्यात सगळं आयुष्य घालवलेल्या या बाईनं आईला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

"मार्युत?" कानातल्या बटणातून साम्प्साचा आवाज आला. निर्माता काचेपलीकडे बसलेला. "मार्युत, बोल काहीतरी. फार लांबतंय."

समोर आहती वाट बघत होता. त्याला काही अवघड वाटत नव्हतं. काइनूच्या जंगलातला माणूस. एल्क हरणाच्या वाटेवर झाडाला पाठ लावून तासन् तास बसायची सवय असलेला. गप्प बसणं त्याच्या दृष्टीनं बोलण्याचाच एक भाग होता. गुडघ्यांवर पंजे टेकवलेले, अंगात इस्त्री केलेला पण एकाच अंत्यविधीला किंवा लग्नाला घालून परत कपाटात गेलेला वाटेल असा कोट. गावच्या शिकारगटाचा तो म्होरक्या. त्याच्या बाजूला पिन्या सार्नियो, प्राण्यांच्या हक्कांसाठी भांडणारी, खांद्यापर्यंत कापलेले केस, नखं कुरतडलेली. चांगलं बोलणारी पोरगी. कार्यक्रमाआधी मार्युत पाहुण्यांच्या खोलीत डोकावली होती, तेव्हा ही दोघं कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती. पिन्या त्याच्या कपात ओटचं दूध ओतत होती. "आमच्याकडे ओट घोड्याला घालतात," तो म्हणत होता. मग एक घोट घेऊन: "बरं आहे की. घोड्याला सांगायला पाहिजे." पिन्या इतकी हसली, की दूध टेबलावर सांडलं. मार्युतला ते पाहून बरं वाटलं नव्हतं. काहीतरी बिघडतंय असं वाटलं होतं, आचाऱ्याला आच मंद झाली की वाटावं तसं. आणि तसं वाटलं याची लाजही वाटली होती. पण ती नंतर, रंगभूषेच्या खुर्चीत बसल्यावर.

मात्र दिवे लागले आणि दोघंही आपापल्या जागी गेली. पिन्या म्हणाली, "तुम्ही म्हणता तुमचं जंगलावर प्रेम आहे. ज्याच्यावर प्रेम असतं त्याला गोळी घालतं का कुणी?" तेव्हा आहतीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते तिथे फक्त मार्युतला दिसलं. काय ते तिला माहीत होतं. पण त्यानं सावरून घेतलं. "पोरी, माझं बटाट्यावरपण प्रेम आहे." हशा. "बटाट्याला पिल्लं नसतात." "असतात तर! तीच खातो आपण." पुन्हा हशा. पण पोरगी हटली नाही. "प्रत्येक जनावर एका गोळीत मरतं का, आहती? खरं सांगा." "नाही. कधीकधी नाही मरत." "मग?" "मग रक्ताच्या मागावर जायचं. सापडेपर्यंत. अंधार पडला तरी." "त्रास होत नाही तुम्हाला?" हे मार्युतनं विचारलं होतं. तो तिच्याकडे वळून म्हणाला होता, "होतो. ज्याला होत नाही त्याला मी गटात घेत नाही." आणि लगेच, जणू त्याच श्वासात, "आणि बाई, तुम्ही काय खाता?"

त्यात डिवचणं नव्हतं. तेच तर लागलं. डिवचलं असतं तर तिनं उलटवलं असतं; ते तिचं कामच होतं. हा माणूस खरंच विचारत होता. शेजारी जेवायला बसलेल्या बाईला विचारावं तसं.

"मुलगा," साम्प्सा कानात म्हणाला. "मार्युत, मुलाचं काढ. आता."

दुपारी त्यानंच ते शोधून आणलं होतं. जुन्या स्थानिक पेपरातली चार ओळींची बातमी: एल्कच्या शिकारीत तरुणाचा मृत्यू, गटाच्या म्होरक्याचा मुलगा. ती म्हणाली होती, "नको. तो शिकारीवर बोलायला येतोय, मुलावर नाही." साम्प्सानं खांदे उडवले होते. "मी कुठे म्हणतो विचारच म्हणून? जवळ असू दे." आणि तिनं ते जवळ असू दिलं होतं. आता ते जिभेवर होतं. पुढे जे झालं ते तिला नंतर पुन्हा पुन्हा तपासून बघावं लागलं, आणि दर वेळी तेच सापडलं: साम्प्सानं सांगितलं म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, कारण हजारो लोकांसमोर तिचं तोंड रिकामं सापडलं होतं आणि तिला कसंही करून तो कॅमेरा स्वतःवरून उठवायचा होता.

"आहती," ती म्हणाली. आवाज मऊ झाला. हा आवाज ती ओळखत होती. "या जंगलानं तुमचा मुलगा घेतला. यार्को. तरीही दर शरदात तुम्ही बंदूक उचलता. कशी?"

कॅमेरा त्याच्याकडे गेला.

आहती हलला नाही. मग म्हणाला, "जंगलानं नाही. माणसानं."

आणि पुन्हा गप्प झाला. पण ही मघाची, वाट बघणारी शांतता नव्हती. प्रेक्षकांत कुणाचा तरी कोट खुर्चीवरून घसरला, तो सगळ्यांना ऐकू गेला. आहतीनं छातीवरचा माईक चाचपला. जाड बोटांना ती चिमटी सापडेना. तो कोटाच्या आत हात घालून शोधत राहिला, आणि एकाएकी तो म्हातारा दिसायला लागला. तेव्हा पिन्या उठली. थेट कार्यक्रमात, कॅमेऱ्यासमोरून आडवी जाऊन, त्याच्यापुढे वाकून तिनं तो माईक काढला, वायर गुंडाळली, खुर्चीत ठेवली. मग स्वतःचाही काढला. "हे सांगायला मी आलो नव्हतो, बाई," आहती म्हणाला. माईक नव्हता, तरी आवाज मार्युतच्या माईकमधून सगळीकडे गेला. त्यात राग नव्हता. दोघं दिव्यांच्या बाहेर गेली.

राहिलेला वेळ मार्युतनं भरून काढला. समोरच्या कागदांवर देशातल्या मांसाच्या खपाचे आकडे होते, शाळांतल्या शाकाहारी जेवणाबद्दल काही होतं. तिनं ते वाचलं. चुकली नाही, अडखळली नाही. रिकाम्या दोन खुर्च्यांकडे बघत, योग्य जागी थांबत, तिनं प्रेक्षकांचे आभार मानले. आपला आवाज जराही कापत नाही, हे तिला वाचता वाचताच जाणवलं.

"सोनं!" कार्यक्रम संपताच स्टुडिओचं दार ढकलून साम्प्सा आत आला. त्याचे कान लाल झाले होते. "सोनं आहे हे, मार्युत! सगळीकडे तोच तुकडा फिरतोय. 'जंगलानं नाही, माणसानं.' ऐक, त्याची गाडी अजून गेलेली नाही, स्टेशनवरच असणार. जा. पुढच्या आठवड्यात एकट्याला घेऊ. शांतपणे, नीट, अख्खा भाग. दुसरं कुणी गेलं तर नाही म्हणेल. तुला नाही म्हणणार नाही."

"का नाही म्हणणार?"

"तुला कुणीच नाही म्हणत नाही," साम्प्सा म्हणाला. त्याला ती स्तुती वाटत होती.

ती निघाली. पासिलाचं स्टेशन स्टुडिओपासून जवळच. पण वारा समोरून होता आणि पायांना घाई नव्हती. तोंडावरचा रंग पुसायचा राहिला होता, तो थंडीत ताणल्यासारखा झाला. आपण माफी मागायला चाललोय की माणूस परत आणायला? तिनं स्वतःला विचारलं. दोन्हींसाठी पावलं सारखीच पडत होती. माफी मागून झाल्यावर, जाता जाता, सहज, "परत याल का?" असं विचारता येईल. ते कसं विचारायचं, कुठे थांबायचं, हेही तिच्या डोक्यात तयार होतं. तिचं डोकं अशा गोष्टी तिला न विचारता तयार ठेवत असे.

उन्हाळ्यात तांपेरेला गेली तेव्हाचं तिला आठवलं. आई आता वृद्धांच्या निवासात. दात नाहीत, नावं आठवत नाहीत. जेवण वाटून, मऊ करून देतात; ताटलीत तीन रंगांचे तीन गोळे. परिचारिका चमचा पुढे करायची, आई तोंड उघडायची. पिवळा बटाटा, नारिंगी गाजर. तपकिरी गोळा आला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. "तपकिरी मांस असतं, ते त्यांना चालत नाही," परिचारिका म्हणाली होती, आणि मार्युतला केवढा आनंद झाला होता! सगळं गेलं, पण ही आहे. आई अजून आत आहे, ओठ मिटून बसलीये. मग शरदाच्या सुरुवातीला ती पुन्हा गेली. परिचारिका कौतुकानं म्हणाली, "आता सगळं खातात बरं का!" आणि चमचा पुढे केला. तपकिरी. आईनं तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. मार्युत उठून बाहेर गेली, गाड्या लावायच्या जागेत एका परक्या गाडीला टेकून उभी राहिली. त्यात रडण्यासारखं काय होतं, ते कुणाला सांगता आलं नसतं. आई उपाशी राहिली नाही, एवढंच तर झालं होतं.

स्टेशनच्या बाकावर आहती बसला होता, पायांशी पिशवी. शेजारी पिन्या. समोरच्या टपरीवर तळलेल्या मांसाच्या पावांचा वास सुटला होता.

मार्युतला बघताच पिन्या ताठ झाली. "आता काय पाहिजे?"

"माफी मागायला आले."

"कॅमेरा कुठाय?"

"नाहीये."

"कानातलं?"

मार्युतनं कानाला हात लावला. बटण तिथेच होतं. ती काढायला विसरली होती. तिनं ते काढलं, खिशात टाकलं. तेवढ्यानंही चेहरा लाल व्हायचा तो झालाच.

"बसा," आहती म्हणाला. "उभं राहिलं म्हणून गाडी लवकर येत नाही."

ती बसली. तिनं माफी मागितली. तयार केलेली वाक्यं आलीच नाहीत. "मी तसं विचारायला नको होतं," एवढंच आलं, आणि तेही तुटकं. आहतीनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"ही पोरगी विचारत होती, माणसानं म्हणजे काय," तो म्हणाला. "तिला सांगतच होतो. तुम्हीपण ऐका. अर्धं ऐकलंय तुम्ही, अर्धं वाईट असतं."

त्यानं सांगितलं ते कमी शब्दांत, मधे मधे थांबत. धुकं होतं. यार्को जिथे बसायला पाहिजे होता तिथून थोडा पुढे सरकला होता. का, ते आता कळायचं नाही. शेजारचा टाउनो दुसऱ्या वाटेवर होता. एल्क आला, मोठा नर. टाउनोनं गोळी झाडली. चांगली लागली, एल्क जागेवर पडला. पण गोळी आरपार पुढे गेली.

"एकच गोळी," आहती म्हणाला.

पिन्यानं हात तोंडावर धरला होता.

"अंत्यविधी झाला. एल्क शेडमध्ये टांगलेलाच होता. पोलिसांचं काय ते बघून झालं, म्हणाले तुमचं तुम्ही बघा. गटातले म्हणाले, पुरून टाकू. मी म्हटलं, नाही. पुरलं तर तोही फुकट गेला. मग वाटणी केली, नेहमीसारखी. आमच्यात ढीग मांडतात. एक जण ढिगावर बोट ठेवतो, दुसरा पाठ करून उभा असतो, तो नाव घेतो. म्हणजे कुणी म्हणायला नको, याला चांगलं दिलं, त्याला हाडं दिली. बोट मी ठेवत होतो. पाठमोरा उभा होता तो सवयीनं नावं घेत गेला. आणि म्हणाला, यार्को."

टपरीवर कुणीतरी मोहरी जास्त मागत होतं.

"म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण मागे वळेना तो. तसाच उभा. सगळेच उभे. टाउनो आलेलाच नव्हता. मग मी तो ढीग बांधून घेतला आणि टाउनोकडे गेलो."

"यार्कोचा वाटा?" पिन्या म्हणाली.

"हो. टाउनो स्वयंपाकघरात बसला होता. त्याची बायको हेल्वी म्हणाली, तेव्हापासून याच्या पोटात काही नाही; पाणीसुद्धा जबरदस्तीनं पाजते. मी मांस तिच्या हातात दिलं. म्हटलं, शिजव. तिनं शिजवलं. बटाटे, गाजर घालून. ती रडत होती, मीठ दोनदा पडलं. ताटल्या मांडल्या. टाउनो खाली बघत बसला. मग मी खाल्लं. पहिला चमचा मी घेतला. मग त्यानं घेतला."

"माफ केलंत तुम्ही त्याला?"

"माफ कसलं, पोरी. मला ते जमतं की नाही अजून ठाऊक नाही. तो उपाशी मेला असता. एका गोळीनं किती माणसं मारायची?"

मार्युतच्या मनात नेहमीप्रमाणे पुढचा प्रश्न तयार झाला, चांगला प्रश्न होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो हळूहळू विरून गेला. आपण ऐकतोय, नुसतं ऐकतोय, हे तिला कितीतरी वर्षांनी जाणवलं. ऐकताना पुढच्या प्रश्नाची जागा शोधत नाही आहोत.

बोलली ती पिन्या. डोळे ओले होते, पण आवाज स्टुडिओतलाच होता, हट्टी. "पण त्या एल्कला कुणी विचारलं नव्हतं."

मार्युतला वाटलं, आता हे नको होतं. पण आहतीनं मान वळवून पोरीकडे नीट बघितलं, आणि त्या दिवसात प्रथमच त्याचा चेहरा मोकळा झाला.

"नाही," तो म्हणाला. "नाही विचारलं. ते मलाही सुटलेलं नाही. गावात कुणाशी बोलू? सगळे माझ्याच बाजूचे. म्हणून तर आलो होतो ना. म्हटलं, टीव्हीवर बोलावतायत, कुणीतरी नीट भांडेल."

"मी भांडेन," पिन्या म्हणाली. "मी येईन तिकडे. पण खाणार नाही काही तुमचं."

"बटाटे आहेत."

गाडी लागली. पिन्यानं त्याची पिशवी उचलून दारात ठेवली. आहतीनं दोघींशी हात मिळवले. मार्युतचा हात त्यानं क्षणभर जास्त धरला, किंवा तिला तसं वाटलं. परत याल का, हे तिनं विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवावं लागलं नाही. काचेतून तो जागा शोधताना दिसला, कोट काढून नीट घडी घालताना दिसला, मग डबे सरकले.

फलाट रिकामा होत असतानाच तिचा फोन वाजला. साम्प्सा.

"भेटला?"

"भेटला."

"मग? येतोय?"

"मी विचारलं नाही."

"विचारलं नाही? मार्युत, अगं… बरं, काही बोलला तरी का? मुलाबद्दल? दोन वाक्यं असली तरी चालतील, तू कॅमेऱ्यासमोर सांग, तुझ्या शब्दांत. बोलला असेलच ना तुझ्याशी?"

पिन्या तिच्याकडे बघत होती. तिच्याही हातात फोन होता, पडदा उजळलेला; तिचीही माणसं कुठेतरी वाट बघत असणार, आज काय झालं ते ऐकायला.

"हवेबद्दल बोललो," मार्युत म्हणाली. "तिकडे बर्फ पडायला लागलाय म्हणे."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

पलीकडे साम्प्सा काहीतरी बोलत राहिला. पिन्यानं आपला फोन बंद करून खिशात टाकला आणि गाडी गेली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली.